विश्लेषण : गेममधली इवलीशी पाणबुडी एका खोलीवर थांबवणे इतके कठीण का?

दोन जण बसतील एवढी, जेमतेम पाच मीटर लांबीची पाणबुडी. मोठ्या जहाजाच्या पोटात मावणारी, हवी तेव्हा पाण्यात सोडायची आणि काम झाले की उचलून परत आत घ्यायची. वाहने जोडून चालवण्याच्या संगणकीय गेममध्ये रमणाऱ्या अनेकांना एकदा तरी अशी ‘मिनीसब’ बनवायची असते. पहिला प्रयत्न बहुधा दोनपैकी एका प्रकारे फसतो. पाणबुडी बुचासारखी वर तरंगत राहते आणि काही केल्या खाली जात नाही, किंवा एकदा खाली निघाली की थेट तळच गाठते. बुडणे आणि तरंगणे दोन्ही सोपे. मधेच थांबणे अवघड. ही अडचण गेमपुरती नाही. खऱ्या छोट्या पाणबुड्यांनाही तिने गेली अडीचशे वर्षे छळले आहे.

कोणता गेम, आणि त्यात नेमके काय करायचे?

या प्रकारातला एक गाजलेला गेम म्हणजे ‘स्टॉर्मवर्क्स : बिल्ड अँड रेस्क्यू’. ‘सनफायर सॉफ्टवेअर’ या स्टुडिओने तो २०१८ मध्ये प्राथमिक स्वरूपात आणि २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात आणला. खेळणारा समुद्रातील बचाव पथकात असतो. वादळात सापडलेली बोट, जहाजावरची आग, पाण्यात पडलेली माणसे अशी कामे त्याच्याकडे येतात. त्यासाठी लागणारी वाहने तयार मिळतातच, पण गेमची खरी मजा ती स्वतः बनवण्यात आहे. प्रत्येक ठोकळा २५ सेंटिमीटरचा. असे शेकडो-हजारो ठोकळे जोडून सांगाडा उभा करायचा, त्यात बॅटरी, मोटर, पंप, नळ्या, दारे बसवायची आणि सगळ्यांना तारांनी जोडायचे. कोणते बटण दाबले की कोणता पंप सुरू होईल, हेही खेळणाऱ्यानेच ठरवायचे. हौस दांडगी असेल तर ‘लुआ’ या भाषेत प्रोग्रॅम लिहून नियंत्रण सांभाळता येते.

पाणबुडीच्या दृष्टीने गेममधली महत्त्वाची गोष्ट म्हणजे बंदिस्त जागेचा हिशेब. चहूबाजूंनी बंद असलेल्या कप्प्यात हवा टिकते. दार उघडे राहिले किंवा दोन तिरके ठोकळे नीट जुळले नाहीत, की पाणी आत येते. कप्प्यातले पाणी उताराकडे धावते. त्यामुळे एक कोपरा गळू लागला तर पाणबुडी नुसती जड होत नाही, ती कलतेही.

छोटी म्हणजे सोपी, असे का नाही?

थोडे गणित करून पाहू. पाच मीटर लांब, सव्वा मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच अशी पाणबुडी घेतली तर तिचा आकार २० गुणिले ५ गुणिले ५, म्हणजे ५०० ठोकळ्यांचा. बाहेरचा एक थर भिंतीचा. आत उरतात १८ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे फक्त १६२ ठोकळे. दोन तृतीयांशाहून अधिक जागा भिंतीनेच खाल्ली! उरलेल्या अडीच घनमीटरमध्ये चालक, आसन, बॅटरी, मोटर, पंप, पाण्याच्या टाक्या आणि सुटका केलेला माणूस, असे सगळे बसवायचे.

आता हाच आकार आठपट करा. ४० मीटर लांब आणि १० मीटर रुंद-उंच पाणबुडीत भिंतीचा थर तेवढाच ठेवला तर आतली जागा ८९ टक्के उरते. मोठ्या पाणबुडीत चुका पोटात घालायला जागा असते. एक पंप जास्त झाला, टाकी थोडी वाकडी बसली, तरी फारसे बिघडत नाही. छोटीत एक ठोकळा इकडचा तिकडे झाला तर सगळा बेत पुन्हा मांडावा लागतो. अनुभवी खेळाडू म्हणूनच आधी आसन ठेवतात, त्याभोवती यंत्रे रचतात आणि भिंत सर्वांत शेवटी चढवतात. नवशिके याच्या नेमके उलट करतात. आधी देखणे कवच, मग आत काय मावते ते पाहायचे. शहरातल्या चिमुकल्या फ्लॅटमध्ये आधी सोफा घेऊन मग दाराचे माप घेण्यासारखे हे आहे.

वीस लिटर पाण्याने काय बिघडते?

शाळेत शिकलेले आर्किमिडीजचे तत्त्व इथे कामाला येते. वस्तू जितके पाणी बाजूला सारते तितक्या वजनाचे बल तिला वर ढकलते. आपल्या ५०० ठोकळ्यांच्या पाणबुडीचे आकारमान सुमारे ७.८ घनमीटर. समुद्राचे पाणी दर घनमीटरला साधारण १,०२५ किलो भरते. म्हणजे ती पूर्ण बुडाल्यावर सुमारे आठ टन पाणी बाजूला सारते. तिचे स्वतःचे वजनही बरोबर तेवढेच असेल तर ती ना वर जाईल, ना खाली.

‘बरोबर’ या शब्दातच सारी मेख आहे. समजा, वजन फक्त २० किलोने जास्त झाले. घरी येणाऱ्या पाण्याच्या जारइतके. आठ टनांच्या तुलनेत हे पाव टक्का. पण पाण्याखाली जमिनीसारखा आधार नाही, की तेवढ्या वजनाकडे दुर्लक्ष करावे. पाण्याचा विरोध धरला तरी अशी पाणबुडी मिनिटाला साधारण दहा मीटर या वेगाने खाली सरकत राहते, आणि कोणी हस्तक्षेप केला नाही तर तळ लागेपर्यंत थांबत नाही. गेममधला एक ठोकळा १५.६ लिटरचा असतो. म्हणजे सव्वा ठोकळा पाणी आत आले तरी तोल गेलाच.

खऱ्या समुद्रात यात आणखी एक भर पडते. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. पाणबुडी खाली गेली की दाबाने तिच्यात अडकलेली हवा आकसते, बाजूला सारलेले पाणी कमी होते, वर ढकलणारे बल घटते आणि ती आणखी खाली जाते. वर आली की नेमके उलट. म्हणजे मधली अवस्था डोंगराच्या टोकावर ठेवलेल्या गोटीसारखी असते. हे घरी करून पाहता येते. भोक नसलेल्या पेनच्या टोपणाच्या दांडीला थोडी क्ले लावायची, म्हणजे ते आत हवा धरून उभे, जेमतेम तरंगेल. काठोकाठ भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ते उघडे तोंड खाली करून सोडायचे आणि झाकण घट्ट लावायचे. बाटली दाबली की टोपण बुडते, सोडली की वर येते. ते बरोबर मध्यावर थांबवायचा प्रयत्न करून पाहा. बोटांना सतत दाब कमी-जास्त करत राहावे लागते.

नाक खाली, शेपूट वर

वजन जुळले, गळती नाही, तरीही पाणबुडी पाण्याखाली कोलांटी मारते. ही दुसरी नेहमीची तक्रार. कारण वजन ‘किती’ याइतकेच ते ‘कुठे’ हेही महत्त्वाचे. पाण्यात पूर्ण बुडालेल्या वस्तूचा गुरुत्वमध्य प्लावक बलाच्या मध्याच्या खाली असावा लागतो. तसा असेल तर ती तळाला वजन असलेल्या बाहुलीसारखी, कलली तरी पुन्हा सरळ होते. म्हणून बॅटरी आणि इतर जड वस्तू तळाशी, हवेचे कप्पे वर.

पण सव्वा मीटर उंचीच्या पाणबुडीत खाली म्हणजे किती खाली? दोन मध्यांमधले अंतर प्रयत्नपूर्वक दहा सेंटिमीटर साधले असे धरू. आठ टनांच्या या पाणबुडीत ७० किलोचा माणूस दीड मीटर पुढे सरकला, तर नाक साडेसात अंशांनी खाली जाते. अंतर पाच सेंटिमीटरच असेल तर जवळपास पंधरा अंशांनी. घाटातल्या चढालाही एवढा उतार क्वचितच असतो. मोठ्या पाणबुड्याही यातून सुटलेल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन यू-बोटींना झटपट बुडी मारायची असली की मोकळ्या खलाशांना पुढच्या टोकाकडे पळवत असत. माणसांचे वजनच नाक खाली दाबायला वापरायचे!

दुसऱ्या महायुद्धातच ब्रिटिश नौदलाने ‘एक्स-क्राफ्ट’ नावाच्या छोट्या पाणबुड्या वापरल्या. चार माणसांच्या, साडेपंधरा मीटर लांबीच्या आणि तीसेक टनांच्या. सप्टेंबर १९४३ मध्ये नॉर्वेतील खाडीत उभ्या असलेल्या ‘टिरपिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवरील मोहिमेसाठी अशा सहा पाणबुड्या मोठ्या पाणबुड्यांच्या मागे दोर बांधून ओढत नेल्या. वाटेत ‘एक्स-९’चा दोर तुटला आणि ती तिघा खलाशांसह नाहीशी झाली. ‘एक्स-८’च्या दोन्ही बाजूंना स्फोटके लटकवली होती. त्यांच्या तरंगकप्प्यांतून हवा गळू लागली, पाणबुडी एका बाजूला कलली आणि सरळ राहण्यासाठी स्फोटके टाकून द्यावी लागली. त्यांपैकी एकाच्या स्फोटाने तिचेच नुकसान झाले आणि अखेर ती बुडवावी लागली. उरलेल्यांपैकी काहींनी मात्र टिरपिट्झला गाठून निकामी करण्याइतका धक्का दिला.

पाण्याची टाकी की पंखा?

खाली-वर जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, बॅलास्ट टाकीत समुद्राचे पाणी घेऊन जड व्हायचे आणि ते बाहेर ढकलून हलके व्हायचे. यात नवशिक्याची हमखास चूक म्हणजे हवेची वाट विसरणे. टाकीत पाणी भरायचे तर आतली हवा बाहेर जायला हवी. ती अडकली की पंप घरघरत राहतो आणि टाकी अर्धवटच भरते. शिवाय अर्धवट टाकीतले पाणी पाणबुडी जराशी कलली की त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते. उपाय सोपा आहे. एका लांब टाकीऐवजी पुढे एक आणि मागे एक अशा दोन छोट्या टाक्या ठेवायच्या. खऱ्या पाणबुड्यांतही मुख्य टाक्या बुडी मारताना पूर्ण भरतात आणि बारीक जुळवाजुळव वेगळ्या छोट्या टाक्यांनी करतात.

दुसरा मार्ग पंख्याचा. पाणबुडी मुळातच किंचित हलकी ठेवायची आणि वर-खाली तोंड असलेल्या पंख्यांनी तिला पाण्याखाली दाबून धरायचे. टाक्या, नळ्या, पंप असा सगळा पसारा वाचतो, आणि १६२ ठोकळ्यांच्या घरात ही बचत मोठी आहे. किंमत मोजावी लागते ती बॅटरीत, कारण पंखा अखंड फिरता ठेवावा लागतो. दूरनियंत्रकाने चालणारी पाण्याखालची अनेक खरी यंत्रेही अशीच किंचित हलकी ठेवतात. छोट्या पाणबुडीसाठी हाच मार्ग जास्त शहाणपणाचा. टाकी बसवण्याचा मोह होतो तो मुख्यतः ‘खऱ्या’ पाणबुडीसारखे वाटावे म्हणून.

खोली धरण्याचे काम कोणाकडे?

हाताने बटणे दाबून खोली धरता येते, पण मग दुसरे काहीच करता येत नाही. बुडालेल्या बोटीच्या दारापाशी जाऊन माणसाला आत घ्यायचे असेल तर हात मोकळे हवेत. त्यामुळे खोली मोजणारा संवेदक, कल मोजणारा संवेदक आणि पंखे यांच्यामध्ये एक स्वयंचलित नियंत्रक बसवतात. (कल मोजणारा संवेदक अंश सांगत नाही, पूर्ण फेरीचा हिस्सा सांगतो. ०.२५ म्हणजे ९० अंश. हे न कळल्याने अनेकांच्या संध्याकाळी वाया गेल्या असतील.)

सर्वांत साधा नियंत्रक म्हणजे ‘खाली गेली तर वर ढकल, वर गेली तर खाली’. हा चालत नाही. गिझरच्या नळाशी झटापट करणाऱ्याला कारण माहीत असते. पाणी थंड लागते म्हणून नळ फिरवावा, गरम पाणी उशिरा येते, तोवर आणखी फिरवलेला असतो आणि मग चटका बसतो. आठ टनांची पाणबुडीही आदेश मिळताच थांबत नाही. ती हव्या खोलीच्या पुढे निघून जाते, मग उलट ढकलली की तेवढीच वर येते आणि झोपाळ्यासारखी झुलत राहते.

यावर उतारा म्हणजे ‘पीआयडी’ नियंत्रक. गेममध्ये त्याचा तयार घटक आहे. तो तीन गोष्टी एकत्र पाहतो : आत्ता चूक किती आहे, आतापर्यंत किती चूक साचली आहे आणि चूक किती वेगाने बदलते आहे. तिसऱ्या गोष्टीमुळे पाणबुडी हव्या खोलीजवळ येण्याआधीच त्याला जोर कमी करता येतो. दुसरीमुळे, वजन कायमचे थोडे चुकले असले तरी ते भरून निघते. या तिन्हींचे प्रमाण ठरवणे हे चहात साखर घालण्यासारखे चाखत चाखत करायचे काम.

ही कल्पना मुळात समुद्रावरच आकाराला आली. रशियात जन्मलेले अमेरिकी अभियंते निकोलस मिनॉर्स्की यांनी जहाजाचे सुकाणू धरणारे खलाशी नेमके काय करतात याचे निरीक्षण केले. मुरलेला खलाशी फक्त दिशा किती चुकली हे पाहत नाही, जहाज किती वेगाने वळते आहे याचाही अंदाज घेतो. मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये हे गणितात मांडले आणि ‘न्यू मेक्सिको’ या अमेरिकी युद्धनौकेवर त्याच्या चाचण्या झाल्या. आज कारखान्यातल्या भट्टीपासून ड्रोनपर्यंत सगळीकडे हाच नियंत्रक आहे.

प्रत्यक्ष चालवताना

डिझेल इंजिनाला हवा लागते, गेममध्येही. त्यामुळे पाण्याखाली भिस्त बॅटरीवर. पंखे, दिवे, पंप सगळे तिच्यावर. बॅटरी निम्मी झाली की परतायचे, हा ढोबळ नियम बरा, कारण येताना पाहुणा सोबत असतो आणि प्रवाहाचाही भरवसा नसतो. जहाजाच्या पोटात परत शिरताना मागच्या बाजूला दिसत नाही, म्हणून कॅमेरा हवा. जोडणीचा कनेक्टर किंवा विंचचा दोर वरच्या बाजूला, गुरुत्वमध्याच्या बरोबर वर असावा. तो पुढे-मागे झाला तर उचलताना पाणबुडी लटकलेल्या माशासारखी उभी होते. आणि दारे दोन हवीत. बाहेरचे उघडले की मधला कप्पा भरेल, आतले बंदच राहील. दोन्ही दारे एकाच वेळी उघडणार नाहीत अशी तार जोडणे हे दोन मिनिटांचे काम असते, आणि नेमके तेच उद्यावर ढकलले जाते.

गेम कुठे थांबतो?

गेममधली पाणबुडी बुडाली तर कार्यशाळेत जाऊन तीच पुन्हा पाण्यात आणता येते. कालचा ठोकळा आजही कालइतकाच मजबूत असतो. खऱ्या साहित्याचे तसे नाही. दर बुडीत कवचावर दाब येतो-जातो आणि साहित्य थकते. १८ जून २०२३ रोजी ‘टायटॅनिक’च्या अवशेषांकडे निघालेली ‘टायटन’ ही छोटी पाणबुडी दाबाने चिरडली गेली आणि आतील पाचही जण मृत्युमुखी पडले. अवशेष सुमारे ३,८०० मीटरवर आहेत. तिथे दाब वातावरणाच्या ३८० पट. टायटन व्हिडीओ गेमच्या कंट्रोलरने चालवली जात होती, याची तेव्हा बरीच चर्चा झाली. पण तो कंट्रोलर हा काही मुख्य दोष नव्हता. अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २०२५ मधील अहवालात ही दुर्घटना टाळता येण्याजोगी होती असे म्हटले आणि रचना, प्रमाणीकरण, देखभाल व तपासणीतील त्रुटींवर बोट ठेवले. टायटनचे मधले कवच कार्बन फायबरचे होते.

चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीने वेगळा मार्ग धरला आहे. तिघांना ६,००० मीटरपर्यंत नेण्यासाठी २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोल आणि त्याची भिंत ८० मिलिमीटर जाडीची. गोलावर दाब सर्व बाजूंनी सारखा वाटला जातो. चौकोनी ठोकळ्यांनी खेळणाऱ्याला या आकाराचे महत्त्व कळणे जरा कठीणच. मुंबईच्या माझगाव डॉकनेही २०२४ मध्ये ‘अरोवाना’ या छोट्या पाणबुडीचा नमुना पुढे आणला.

वीज गेली तर?

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात डेव्हिड बुशनेल यांनी ‘टर्टल’ नावाची एका माणसाची लाकडी पाणबुडी बनवली. पुढे ढकलणारा आणि वर-खाली नेणारा असे दोन स्क्रू, दोन्ही हाताने फिरवायचे. पाणी आत घ्यायला पायाने उघडायची झडप आणि बाहेर टाकायला हातपंप. हवा सुमारे अर्ध्या तासाची. सप्टेंबर १७७६ मध्ये न्यूयॉर्क बंदरात ब्रिटिश नौकेवर तिने केलेला हल्ला फसला, पण चालक जिवंत परतला. तिच्या तळाशी सुमारे ९० किलो शिसे असे लावले होते की ते आतून सोडता यावे. बाकी काही चालेनासे झाले तरी तेवढे वजन टाकून वर येता येईल.

२३ जानेवारी १९६० रोजी जॅक पिकार्ड आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्ट’मधून प्रशांत महासागराच्या सर्वांत खोल भागात, सुमारे १०,९०० मीटरवर उतरले. त्रिएस्टचे वजन वाढवणारे लोखंडी छर्रे विद्युतचुंबकांनी धरून ठेवले होते. वीज गेली तर चुंबक सुटणार, छर्रे गळणार आणि यान आपोआप वर येणार. मत्स्य ६००० ची नेहमीची मोहीम १२ तासांची असली तरी आणीबाणीत ९६ तास तग धरण्याची तरतूद तिच्यात आहे.

गेममध्ये याची परीक्षा एका बटणाची असते. पाणबुडी हव्या खोलीवर स्थिर झाली, पीआयडी शांत झाला, सगळे दिवे हिरवे दिसू लागले की मुख्य स्विच बंद करायचा. पंखे थांबतात, पडदे काळे होतात. मग खिडकीबाहेर पाहत राहायचे, पाण्याचा रंग हळूहळू उजळतो की गडद होतो.